‘काल’ आणि ‘कालु’: खानापूरच्या रानातलं एक प्रकरण

तपासणीच्या कार्डावर निळ्या पेनानं एक ओळ लिहिली होती: "पाय दुखतात, जास्त. पायाला सूज." खाली तारीख आणि सही. अक्षर सुरेख. बाईचे पाय मात्र दुखत नव्हते.

त्या ओळीपायी एक पहिलटकरीण हातची जाणार होती. गेली नाही, म्हणून हे लिहायला बसले. गेली असती तर चौकशी लागली असती, कुणाला तरी नोटीस निघाली असती आणि खरी गोष्ट फायलीत बांधली गेली असती. मी बेळगावात नर्सिंगच्या पोरींना शिकवत म्हातारी झाले. आता निवृत्तीनंतर अधूनमधून आशाताईंना मराठीतून समजावून सांगायला तालुक्यात जाते. त्यामुळं या प्रकरणातल्या चौघींशीही निवांत बोलायला मिळालं. गाव, दवाखाना, नावं सांगत नाही आणि ओळखू येतील असे तपशील बदललेत.

तपासणीचा दिवस

जांबोटी ओलांडली की रस्ता रानात शिरतो. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, खाली हेमाडग्याकडं भीमगडचं अभयारण्य. आषाढात ओढे फुगले की काही वस्त्या तुटतात आणि आजारी माणसाला खांद्यावरून रस्त्याला आणावं लागतं. सरकारी निकष सांगतो की सपाटीला 5,000 लोकांमागं एक उपकेंद्र, डोंगराळ भागात 3,000 मागं एक. निकषात माणसं मोजलेली आहेत, ओढे मोजलेले नाहीत.

बाई गवळी-धनगर वस्तीवरची, विशी-बाविशीतली, 34 वा आठवडा. सासूबरोबर चालत आली होती. एरवी तिच्यासोबत आशाताई असते, पण त्या दिवशी तिला तालुक्याला मीटिंग होती. दवाखान्यात चाळीसेक बायका, बाहेर पाऊस, डॉक्टर आत ओपीडीत. तपासणीला कन्नड बोलणारी सिस्टर.

सिस्टरनं वजन घेतलं, पोट पाहिलं, बीपी घेतलं. 142/92. गरोदरपणात 140/90 ला पोचलं की सावध व्हायचं, हे तिला पाठ होतं आणि ती सावध झालीही. लघवी तपासायला बाटली दिली. मग तिनं विचारलं, "नोवु ऐतेन?" म्हणजे दुखतंय का. ‘नोव’ एवढा शब्द या भागातल्या बायकांना कळतो. बाईनं मान डोलावली आणि पदराआडून म्हणाली, "काल लई दुखलं. आता न्हाई."

कन्नडमध्ये ‘कालु’ म्हणजे पाय.

सिस्टरनं खाली वाकून पाय पाहिले. घोट्याला सूज होती. आठव्या महिन्यात, डोंगर उतरून आलेल्या बाईच्या पायाला सूज नसती तरच नवल. ऐकलं एक, दिसलं तेच, दोन्ही जुळलं. तिनं लिहून टाकलं. मीठ कमी खा, पाय उंचावर ठेवून झोप, आठवड्यानं ये, असं हातवारे करून सांगितलं. "गोत्तायतेन?" कळलं का? बाई म्हणाली, "हं." लघवीची बाटली रिकामीच पिशवीत घालून सासू-सून परत गेल्या. बाटली कशाला दिली हे त्यांना कळलं नव्हतं, आणि परत द्यायची असते हेही. कार्डावर अल्ब्युमिनच्या, म्हणजे लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाच्या, रकान्यात रेघ.

काल दुखलं होतं ते डोकं. सबंध दिवस, ठणके मारत. डोळ्यापुढं काजवे चमकले होते. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं होतं. सिस्टरनं तोही प्रश्न विचारला होता: "कण्णिग कत्तलु बरतैतेन?" डोळ्याला अंधारी येते का. बाईला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला, ‘कत्तल’, आणि ती घाबरून गप्प बसली. सिस्टरनं ते ‘नाही’ समजून पुढचं कार्ड घेतलं.

तिसऱ्या दिवशी

आशाताई घरभेटीला गेली ती तिसऱ्या दिवशी. चुलीपुढं बसलेल्या सुनेच्या चेहऱ्याकडं पाहिल्याबरोबर तिला काहीतरी खटकलं. तोंड सुजलेलं, बोटातलं वेढं रुतलेलं. तिनं कार्ड हातात घेतलं, वाचलं, आणि कार्डाकडं दुर्लक्ष करून तिच्या पद्धतीनं विचारायला लागली. मला ती वाक्यं जशीच्या तशी हवी होती, म्हणून मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतली.

"डोसकं कवापासनं धरलंय?"

"चार दिस झाले की."

"डोळ्यापुढं काय हुतंय? अंधारी येती, का काजवं?"

"काजवं."

"आणि हितं?" तिनं स्वतःच्या बरगडीखाली हात ठेवून दाखवला.

"हितं कुणीतरी दाबून धरल्यागत हुतंय. सासूबाई म्हणाल्या पित्त आसंल."

ते पित्त नव्हतं. बीपी वाढून त्याचा मारा यकृतावर व्हायला लागला की उजव्या बरगडीखाली असं दाबल्यासारखं होतं. आपल्याकडं त्याला पित्त समजून सोडा किंवा लिंबूपाणी देतात आणि वेळ जातो. आशाताईला यकृताचं ठाऊक नव्हतं. पण डोकं, डोळे आणि बरगडी ही तिन्ही एकत्र आली की थांबायचं नाही, हे तिच्या वहीत लाल पेनानं लिहिलेलं होतं.

तिनं सिस्टरला फोन लावला. इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. सिस्टरनं पलीकडून एकही उलट प्रश्न विचारला नाही. "अक्का, तक्षण कर्कोंड बर्री," लगेच घेऊन या, एवढंच म्हणाली. 108 ची गाडी ओढ्याच्या अलीकडं येऊ शकत नव्हती. दुधाच्या जीपमधून बाईला आणलं. बीपी 168/112, लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस. डॉक्टर फोनवर होते. सिस्टरनं मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं तयार केली, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, खोल स्नायूत. झटके येऊ नयेत म्हणून पाठवण्याआधी हा पहिला डोस देण्याची मुभा प्रशिक्षित नर्सला आहे, आणि तिचा हात थरथरला नाही असं आशाताई सांगते. मग गाडीत स्वतः बसून ती बेळगावपर्यंत गेली. त्या रात्री सिझेरियन झालं. मुलगी, 1 किलो 900 ग्रॅम. दोघी घरी आल्या.

"कानडी सिस्टर"

पुढच्या आठवड्यात बोलाचाली सुरू झाली. गावात म्हणाले, कानडी सिस्टरनं घोळ केला. तालुक्याच्या ठिकाणच्या एका मराठी कार्यकर्त्यानं आशाताईला निरोप पाठवला की निवेदन देऊ, वर्तमानपत्रात आणू. आशाताई म्हणाली, "त्या पोरीनं तिचा जीव वाचवलाय. तुमचं निवेदन तुमच्यापाशी ठेवा."

मी सिस्टरला भेटायला गेले तेव्हा ती क्वार्टरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मूळची विजापूरकडची, आता विजयपूर म्हणायचं. बाप दुसऱ्याच्या रानात ऊस तोडायचा. घरात शिकलेली ती पहिली आणि नर्स झालेलीही पहिली. कंत्राटावर इथं येऊन तीन वर्षं झालेली. कोरड्या मुलखातली पोरगी, पहिल्या पावसाळ्यात भिंतीला बुरशी चढलेली पाहून रडली होती म्हणे. मराठी शिकली ती टीव्हीवरच्या मालिकांतून. त्यामुळं तिला "सासूबाई, मला माफ करा" येत होतं, "कळ कुठं येते" येत नव्हतं. हे तीच हसत सांगत होती. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मी काय चुकीचं ऐकलं? तिनं कालु म्हटलं."

तिनं खरंच कालु ऐकलं होतं. ज्या कानावर बावीस-तेवीस वर्षं कन्नडच पडलं, तो कान अनोळखी आवाजातून ओळखीचा शब्दच उचलणार. आपणही तेच करतो. बेळगावच्या बाजारात नवा आलेला मराठी माणूस कन्नड ‘हालु’ ऐकून कुणाचे तरी हाल झाले असं समजतो, आणि समोरचा बिचारा दूध मागत असतो. ‘कै’ म्हणजे हात, आपल्याला ऐकू येतं ‘काय’. दुकानात असल्या गोष्टींवर हसून घेतात. तपासणीच्या टेबलावर त्याच गोष्टी कार्डात उतरतात, आणि एकदा कार्डात उतरलं की पुढचा माणूस त्यालाच खरं धरतो.

इथं मला माझ्याबद्दलही लिहावं लागेल. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद हा विषय आम्ही शिकवत होतो. कसं शिकवत होतो? इंग्रजी पुस्तकातून, पाच मुद्दे, मोठा प्रश्न आला तर आकृती काढा. वर्गात समजावताना कन्नड आणि मराठी मिसळून बोलायचो, परीक्षा इंग्रजीत. समोरच्या बाईला आपली भाषा येत नसेल तर प्रश्न कसा विचारायचा, तिचं ‘हं’ म्हणजे कळलं का घाबरली हे कसं ओळखायचं, याचं प्रात्यक्षिक आम्ही एकदाही घेतलं नाही. एका बाजूला खानापूर, निपाणी, एका बाजूला सौंदत्ती, रामदुर्ग, अशा जिल्ह्यात पोरी तयार करत होतो आणि हा धडाच नव्हता. त्या सिस्टरला मी शिकवलं नाही, पण शिकवलं असतं तरी तिनं तेच लिहिलं असतं.

वहीत काय आहे

आशाताईची वही मी मागून घेतली. शंभर पानी, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, पिशवीत घालून घालून कोपरे गोल झालेले. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि हजार लोकांमागं गावातलीच एक बाई नेमायची ठरली, ती ही आशा. गावातलीच हवी, कारण गावाशी बोलायचं आहे. कल्पना अगदी योग्य. पण तिचं प्रशिक्षण झालं कन्नडमधून, पुस्तकं कन्नडमध्ये, भरायचे फॉर्म कन्नडमध्ये. ही दहावी मराठी माध्यमातली. मग तिनं काय केलं? शिकवणारे बोलत गेले ते देवनागरीत उतरवून घेतलं, पुढं बरोबर चिन्ह घालून आपला शब्द लिहिला.

बीपी हेच्चु = बीपी वाढलं.
कडिमे = कमी.
बाणंति = बाळंतीण.
कत्तलु = अंधारी (आपली कत्तल न्हवं).

शेवटची ओळ वाचून माझ्या पोटात कालवलं. ज्या शब्दानं त्या दिवशी बाईचं तोंड बंद केलं, तो शब्द आशाताईच्या पिशवीत अर्थासकट होता. फक्त पिशवी तालुक्याच्या मीटिंगला गेली होती.

आशाचं काम मानधनाचं नाही, कामागणिक मोबदल्याचं. ग्रामीण भागात गरोदर बाईची तपासणी आणि दवाखान्यातलं बाळंतपण मिळून 600 रुपये, 300 आणि 300. बाळंतपणानंतरच्या घरभेटींचे 250. राज्याचं काही वेगळं मिळतं. त्या यादीत दुभाषेपण नाही. तरी ती रोज दुभाषी असते: दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, बँकेत, आणि सिस्टर व गाव यांच्यामध्ये. मी तिला विचारलं, यादीत काय घालावं? ती म्हणाली, "बाई, ते घालाय गेलो तर म्हणतील कन्नड येतंय न्हवं तुला, मग सगळंच कन्नडमधे लिव." यातलं तिचं तिरकं शहाणपण मला नीट कळायला दोन दिवस लागले.

नियम म्हणाल तर आहेत. भाषिक अल्पसंख्याकांसाठी 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम 350 अ (मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय) आणि 350 ब (त्यांच्यासाठी विशेष अधिकारी) आलं. 1961 साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं की जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे 15 टक्क्यांच्या वर असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही छापाव्यात. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे 18 टक्क्यांच्या वर आहेत, आणि खानापूर तालुक्यात तर तेच जास्त. कागदावर एवढं असून दवाखान्याच्या भिंतीवरची धोक्याची लक्षणं एकाच लिपीत. यावर सीमाभागात माणसं पिढ्यान् पिढ्या भांडतायत, मी नव्यानं काय सांगणार. मला खटकतं ते एवढंच की हे भांडण नेहमी फलकांवरून होतं. फलकाखाली बसलेल्या बाईला काय विचारलं आणि तिनं काय उत्तर दिलं, इथपर्यंत ते कधी पोचत नाही.

गावची पोरगी गावात का नाही

आता चौथीकडं येते. आशाताईची थोरली मुलगी नर्स आहे. जीएनएम, तीन वर्षांचा कोर्स, चांगल्या मार्कांनी पास. तिला या वस्तीवरच्या बायकांची बोली येते, मोडकं का होईना कन्नड येतं, इंग्रजीत केस लिहिता येते, ओढे कुठं फुगतात ते ठाऊक आहे. त्या टेबलावर तिच्याइतकं योग्य माणूस शोधून सापडणार नाही. ती गोव्यात एका खाजगी हॉस्पिटलात आहे.

कशी गेली ते पायरी-पायरीनं सांगते, कारण प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर कुणाचाच दोष दिसत नाही.

दहावीपर्यंत मराठी शाळा. तिथं कन्नड विषय होता, पण तो पास होण्यापुरता. शिकवायला शिक्षक वर्षातले सहा महिनेच. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स इंग्रजीत, बेळगावात, हॉस्टेलवर. पहिल्या सहामाहीत फिजिक्सच्या तासाला ती नुसती फळ्यावरचं उतरवत होती. पीयूसी कसंबसं झालं. बीएस्सी नर्सिंगच्या जागा सीईटीतून भरतात. तिथं पहिली ते दहावी कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी 5 टक्के जागा आहेत. मराठी माध्यमाला ते दार नाही. ग्रामीण भागातल्या मुलांसाठी 15 टक्के आहेत, तिथं माध्यम विचारत नाहीत, पण त्या दारात गर्दी मोठी. तिचा नंबर लागला नाही, म्हणून जीएनएम. त्यासाठी घरची म्हैस विकली. कर्ज का नाही काढलं विचारलं, तर बँकेतला फॉर्म कोण भरणार, असं उत्तर आलं. पोरगीच भरू शकली असती, हे दोघींच्याही लक्षात तेव्हा आलं नाही.

पास झाल्यावर बेळगावच्या खाजगी दवाखान्यात वर्षभर. पगार एवढा की खोलीभाडं जाऊन घरी काही पाठवता येईना. सरकारी जागेसाठी कन्नडची परीक्षा पास होणं सक्तीचं. बोलायला येतं, पण लिहायचं म्हटलं की जोडाक्षरांत हात अडकतो. एकदा बसली, राहिली. पुन्हा बसायला क्लास लावायचा, तर नाइट ड्युटी. तेवढ्यात मैत्रिणीनं गोव्याचं सुचवलं. दुप्पट पगार, राहायला जागा, आणि तिथं रुग्णांशी कोकणी-मराठीतच बोलायचं.

कन्नडची अट चूक आहे असं मला वाटत नाही. सौंदत्तीकडच्या दवाखान्यात नेमणूक झाली असती तर तिनं तिथल्या बाईशी काय मराठीत बोलायचं होतं? तिचं ‘काल’ तिकडं ‘कालु’च झालं असतं. अट योग्यच, पण ती एकाच बाजूनं मोजते. विजापूरच्या पोरीला खानापूरला पाठवताना तिला मराठीतले वीस प्रश्न येतात का, हे कुणी विचारत नाही. खानापूरच्या पोरीला तिच्या गावात ठेवायचं तर तिची मराठी हा जमेचा गुण धरत नाहीत, आणि कन्नड कमी आहे तर ते शिकवायची सोयही करत नाहीत. नुसती परीक्षा घेतात.

सीमाभागात कुठल्या रेषेच्या कुठल्या अंगाला जन्मलात यावर किती अवलंबून असतं, याचा हिशेब कधी कुणी मांडावा. बीदर, भालकी, औरादच्या मराठी मुलांना कलम 371 जे चा, म्हणजे शिक्षण-नोकरीतल्या खास राखीव जागांचा, फायदा मिळतो, कारण तो भाग कल्याण कर्नाटकात. खानापूर-निपाणीच्या मुलांना नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी, पूर्वी आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, 2003 पासून अनुसूचित जमातीत, आणि खानापूरच्या रानातले त्यांचेच सोयरे 2020 च्या कायद्यापर्यंत त्या यादीबाहेर. म्हणजे हल्याळची सिद्दी पोरगी नर्सिंगच्या राखीव जागेला अर्ज करू शकत होती तेव्हा तिची मामेबहीण जिल्ह्याची हद्द ओलांडली म्हणून करू शकत नव्हती. महाराष्ट्रानं 2023 मध्ये त्याच्या आरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातल्या 865 गावांना द्यायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही सरकारांची जुंपली. महाराष्ट्राच्या मेडिकल प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी थोड्या जागाही आहेत. पण तिकडं शिकायला गेलेलं मूल खानापूरच्या उपकेंद्रात परत येतं, असं मी तरी पाहिलेलं नाही.

कागद

मी गेले होते ते खरं तर कुणाला बोल लावायला नाही, पण ओट्यावर बसल्या बसल्या काम निघालं. सिस्टर म्हणाली, मला प्रश्न लिहून द्या. आशाताई म्हणाली, तिला वाचता कसे येणार, देवनागरी वाचायला येत न्हाई. मग उलटं केलं. मराठी प्रश्न कन्नड लिपीत, सिस्टरसाठी. कन्नड प्रश्न देवनागरीत, आशाताईसाठी. एकाच कागदाच्या दोन बाजू. बारा प्रश्न ठरले. शब्द आशाताईचे: "डोसकं दुखतंय काय" असंच, "डोकेदुखीचा त्रास होतो का" असं नाही. प्रत्येक प्रश्नापुढं हात कुठं ठेवून दाखवायचा ते. ‘काल’ हा शब्द आला की "पाय का काल?" असं विचारून बोटानं पायाकडं आणि मागं खांद्यावरून दाखवायचं, हे सिस्टरनंच सुचवलं.

आणखी एक ठरलं: नुसतं ‘हं’ आलं तर ते उत्तर धरायचं नाही. "मी काय सांगितलं ते तुम्ही सांगा बघू," असं म्हणायचं. डॉक्टरांनी कुरकूर केली. एका बाईमागं दोन मिनिटं वाढली तर चाळीस बायकांमागं किती, हा त्यांचा हिशेब चूक नव्हता. शेवटी बीपी वाढलेल्या आणि पहिल्या खेपेच्या बायकांना तरी हे करायचं, इथं तडजोड झाली. माझ्या मते ती कमी आहे. पण त्यांच्या ओपीडीत मी बसत नाही.

कागदाला प्लॅस्टिक घालून तो टेबलामागच्या भिंतीवर लावला. देवनागरीची बाजू बाहेर आली होती. तीन आठवड्यांत दवाखान्याची पाहणी करायला आलेल्या कुणी तरी विचारलं, हे मराठी कुणाच्या परवानगीनं? सिस्टरनं कागद उलटा लावला. मग गावातल्या एकानं विचारलं, मराठी का काढलं? त्यावर तिनं तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गरज पडली की बाहेर काढायला लागली. मला सांगताना म्हणाली, "मॅडम, भिंतीवर होता तेव्हा सगळे वाचत होते. आता मी वाचते."

फायदा किती झाला हे मी मोजलेलं नाही, आणि एका दवाखान्यात मोजूनही काय कळणार. एवढं सांगते की लघवीच्या बाटल्या परत यायला लागल्या.

पुढच्या वर्षी सिस्टर कायम नोकरीच्या भरतीत पास झाली आणि तिला बागलकोटकडं, घरापासून दोन तासांवर, जागा मिळाली. मला आनंद झाला. आशाताईला झाला आणि झाला नाहीही. जायच्या दिवशी चार्ज देताना रजिस्टरं, औषधांचा साठा, फ्रीजची किल्ली, सगळं यादीप्रमाणं दिलं. कागद यादीत नव्हता. आशाताईनं ड्रॉवर उघडून तो घेतला आणि वहीत घातला.

नवी सिस्टर आली ती कोलारकडची. घरात तेलुगू, शाळेत कन्नड, मराठी एक अक्षर नाही. आशाताईनं पहिल्याच दिवशी तिच्यापुढं वही उघडली, कोरं पान काढलं, आपल्या पिंढरीवर हात ठेवून विचारलं, "हे तुमच्यात काय म्हणतात?"

"कालु," ती म्हणाली. "तेलुगूतपण कालुच."

आशाताईनं ते लिहून घेतलं आणि खाली दोनदा लाल रेघ मारली.